डावीकडून आलेली हाक

दुरून डोंगर साजरे, असं आपण म्हणतो, आणि स्कॉटलंडच्या स्काय बेटावर येणारा प्रत्येक पाहुणा जणू तेच सिद्ध करायला आलेला असतो. रस्त्याच्या कडेला गाडी अशी लावायची की मागून येणारी बस अडलीच पाहिजे, तीन पायांवर कॅमेरा उभा करायचा आणि ढगातून ऊन पडायची वाट बघत दोन-दोन तास चिलटांकडून स्वतःला फोडून घ्यायचं. ऊन पडलं की कुलिन डोंगराची ती काळी करवती धार क्षणभर उजळते, खटाखट फोटो निघतात आणि पाहुणा मान खाजवत निघून जातो. जाताना समोरच्या माणसाला साधा रामराम नाही. लॅखी बीटननेही याच डोंगराचे फोटो काढले, चाळीसहून जास्त वर्षं काढले. पण त्यातला एकही कुणी चौकटीत घालून भिंतीवर लावला नाही, आणि खरं सांगायचं तर लावण्यासारखा तो नव्हताच.

आमच्या गावात लॅखलन बीटन नावाची चार माणसं, आणि चौघांनाही हाक लॅखीच. नावाला शेपूट जोडल्याशिवाय कुणाचं पत्र कुणाला मिळायचं नाही. एक होडीवाला लॅखी, एक तांबडा लॅखी, एक नुसताच थोरला लॅखी आणि चौथा हा, दगडांचा लॅखी. शाळेची बस चालवायचा, पस्तीस मेंढ्या पाळायचा, आणि रविवार सोडून मिळेल त्या मोकळ्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून डोंगराच्या घळींत शिरायचा. शिखरावर जायचा नाही, सूर्यास्त काढायचा नाही. घळीच्या तोंडाशी उभा राहून एक फोटो, मध्यावरून एक, आतून खाली बघत एक. कोरड्या दिवशी, ओल्या दिवशी, बर्फात, धुक्यात. गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाआड लाल दिवा लावून तो फोटो स्वतःच छापायचा, आणि सुकले की ते शॉर्टब्रेड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, पुठ्ठ्याचे तुकडे मध्ये घालून, ओळीने लावून ठेवायचा. असे सतरा डबे. प्रत्येकाच्या झाकणावर शिंगं उगारलेलं हरीण आणि आत नुसते दगड.

एकदा गावच्या सभागृहाचं छप्पर बदलायला म्हणून कॅलेंडर छापायचं ठरलं. घरटी एक फोटो. दुकानवाल्या मार्जरीने लॅखीचा फोटो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"लॅखी, हे काय आहे?"

"घळ."

"कुठली?"

"सातवी."

"आणि ही एवढी रडकी का?"

"पाऊस पडून गेला होता."

मार्जरी भली बाई. तिने तो फोटो नोव्हेंबरला लावला, कारण नोव्हेंबरात आमच्याकडे भिंतीकडे बघण्याइतका उजेडच नसतो.

लोक हसायचे, पण लॅखीला कुणी तोंडावर विचारायचं नाही की बाबा, तू हे का करतोस. पन्नाशीपुढच्या सगळ्यांना ते माहीत होतं, आणि लहानांना मोठ्यांनी सांगून ठेवलं होतं.

लॅखीला एक धाकटा भाऊ होता, टॉरकिल. चार वर्षांनी लहान आणि दुपटीने अवखळ. एकोणऐंशी सालच्या ऑक्टोबरात गावाने डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणल्या, तर मोजणीत तीन कमी भरल्या. टॉरकिल म्हणाला, मी जेवायच्या आत घेऊन येतो. दुपारी धुकं उतरलं. कुलिनच्या दगडात लोखंड आहे, त्यामुळे होकायंत्राचा काटा तिथे प्यायल्यासारखा फिरतो. आणि धुक्यात डोळ्यांचा उपयोग नाही. राहतो तो फक्त कान. लॅखी तिघांना घेऊन उत्तरेच्या दरीत पोचला तेव्हा हाक ऐकू आली. टॉरकिलचाच आवाज. पाय मोडला होता त्याचा, हे नंतर कळलं.

त्या तिघांतला अँगस मॅकिनिस म्हणाला, "दोन-दोन वाटून जाऊ या. दोघं डाव्या घळीत, दोघं उजव्या."

सत्तावीस वर्षांचा लॅखी मेंढपाळाचा मुलगा. चालायला शिकला तो याच डोंगरावर. तो म्हणाला, "हा डोंगर तू मला शिकवू नकोस. हाक डावीकडची आहे. चौघंही लागतील त्याला उचलायला."

चौघंही डावीकडच्या घळीत चढले. चढताना हाक येतच होती, कधी वरून, कधी पलीकडून. ते ओ देत होते, तोही ओ देत होता. दोन तास असं चाललं. घळ संपली, टॉरकिल नव्हता. मग अंधार पडला आणि हाकही थांबली. सकाळी तो उजवीकडच्या घळीत सापडला, एका अरुंद फळीएवढ्या दगडावर बसलेला, थंडीने गेलेला. समोरच्या कड्यावर आपटून आवाज उलट्या बाजूने खाली येत होता, इतकीच गोष्ट. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात. परका माणूस असता तर त्याने दोन्हीकडे शोधलं असतं. माहीत असल्याचा ताठा फक्त घरच्याला असतो.

त्याला कुणी बोल लावला नाही. अँगसने आयुष्यभर 'मी म्हणालो होतो' हे शब्द तोंडातून काढले नाहीत. बापाने मेंढ्या मोजल्या आणि तो गोठ्यात गेला. आईने मात्र आठवड्याने, बटाटे सोलता सोलता, मान वर न करता विचारलं, "फार वेळ हाका मारत होता का रे तो?"

"नाही," लॅखी म्हणाला. "थोडाच वेळ."

आई अठ्ठ्याऐंशी साली गेली, तेच उत्तर घेऊन गेली.

पुढच्या वसंतात पोर्ट्री गावच्या एका निवृत्त मास्तराकडून त्याने जुना कॅमेरा आणला आणि घळी मोजायला सुरुवात केली. डोंगर आपल्याला माहीत आहे हे त्याने पुन्हा कधी म्हटलं नाही. माहीत नाही असं धरून तो एकेका दगडाची ओळख करून घेत गेला. खरखरीत खडक कुठे आहे, जो किसणीसारखा बूट धरून ठेवतो. आणि काळ्या गुळगुळीत दगडाचा पट्टा कुठे आहे, जो ओला झाला की माणसाला धरत नाही, सोडूनच देतो. पण फोटोत आवाज येत नाही. त्यासाठी त्याला दुसरं माणूस हवं होतं.

ते माणूस म्हणजे डोलिना. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि त्याच्याच बसने यायची. दुसरे लोक मुलीला नाचाला नेतात, याने तिला तिसऱ्या घळीत नेलं. तिला वर बसवलं आणि म्हणाला, "मी खाली जाऊन डोळे मिटतो. तू ओरड. आवाज जिकडून येईल तिकडे मी हात करतो."

"काय ओरडू?"

"काहीही."

डोलिनाने आठवडाभराचा जेवणाचा तक्ता ओरडून सांगितला. सोमवार सूप, मंगळवार मासे, बुधवार कालचे मासे. लॅखी खाली डोळे मिटून उभा, आंधळ्या कोशिंबिरीत राज्य आल्यासारखा, आणि हात भलत्याच दिशेला. मग त्या फोटोच्या मागे पेन्सिलीने ओळ पडायची: 'डोलिना. ऐकू आली डावीकडून. होती उजवीकडे.' अशा चार उन्हाळ्यांत तिने निम्म्या कुलिनवर ओरडून घेतलं. शेवटी अकराव्या घळीत तिला तक्त्याचा कंटाळा आला आणि तिने विचारलं, "लॅखी, आपण लग्न करायचं की नुसतं ओरडायचं?" त्याने शांतपणे डावीकडे हात केला. तो फोटो अजून आहे. मागे लिहिलंय: 'डोलिना. ऐकू आली डावीकडून. होती समोर. लग्नाचं विचारत होती.' उत्तर त्याने दोन दिवसांनी, ती बसमधून उतरताना दिलं.

या डब्यांचा उपयोग काय, हे गावाला हळूहळू कळलं. बचाव पथकाची माणसं अडचण आली की त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. पुढे मोबाइल आले आणि अडकलेली माणसं समोर दिसेल त्याचा फोटो पाठवू लागली. तो फोटो टेबलावर, शेजारी लॅखीचे फोटो. हा दगड हाच का, ही चीर हीच का. असे आठ-दहा जण त्या हरणाच्या डब्यांमुळे जिवंत खाली आले, आणि मार्जरीने नोव्हेंबरचं पान कापून दुकानात चिकटवलं.

फक्त एक गोष्ट डोलिनाने लग्नानंतर घर झाडताना पाहिली आणि कधी विचारली नाही. उत्तरेच्या दरीच्या डब्यात बारा पुठ्ठे होते, दर घळीला एक, डावीकडून उजवीकडे एक ते बारा. आठव्या पुठ्ठ्यामागे काहीच नव्हतं.

लॅखी एकाहत्तरचा होता तेव्हाची ही गोष्ट. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. सप्टेंबरातली दुपार होती, तीन वाजून गेलेले. तो ओटच्या भाकरीवर चीज घालून खात बसला होता आणि डोलिना त्याच्या खोकल्यावरून त्याला बोलत होती, तेवढ्यात दारात इश्बेल उभी राहिली. इश्बेल म्हणजे अँगस मॅकिनिसची मुलगी, आता पथकाची प्रमुख. तिचा बाप जाऊन सहा वर्षं झाली होती.

"लॅखी, डबे काढा. उत्तरेची दरी."

"कोण आहे?"

"गिलियन प्रॅट. न्यूकासलची बाई, बावन्न वर्षांची, एकटी. फोटो काढायला गेली होती. घोटा मोडलाय, आणि हाताला खोक पडलीय, रक्त जातंय. फोनने सांगितलेली जागा अख्ख्या दरीवर पसरलीय, त्यावरून काही कळत नाही. हा एक फोटो पाठवला आणि फोन बंद पडला. ढग खाली आहे, हेलिकॉप्टर यायचं नाही. साडेसातला अंधार, आणि पाच वाजल्यापासून पाऊस. बारा घळी, लॅखी, आणि माणसं नऊ."

तिने फोन टेबलावर ठेवला. ओला काळा पट्टा, वर अडकलेला गोल धोंडा आणि पुढे, बाईच्या गुडघ्यांच्या पलीकडे, दगडाची अरुंद फळी.

लॅखीने एकदाच पाहिलं. हातातली भाकरी त्याने ताटलीत ठेवली आणि उठून डबा काढला. त्याने पहिलीचे फोटो काढून मांडले, दुसरीचे, तिसरीचे. इश्बेल एकेक उचलून फोनशी धरायची आणि बाजूला ठेवायची. डोलिना चहाची किटली हातात घेऊन तशीच उभी होती. ती नवऱ्याकडे बघत होती, फोटोंकडे नाही.

सातवीपाशी इश्बेल थांबली. "हीच दिसते. धोंडा बघा, पट्टा बघा. फळी दिसत नाही, पण ती पुढे असेल."

त्याच वेळी तिच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी खरखरला. पथकातले चौघं आधीच दरीच्या तोंडाशी पोचले होते. "शिट्टी ऐकू येते. सहा वेळा, मग थांबते, मग पुन्हा सहा. डावीकडून येतेय, सातवीच्या बाजूने. आम्ही सगळे चढू का तिथे?"

"सातवीच," इश्बेल म्हणाली. "फोटोही तोच आणि कानही तोच." तिने बटणावर अंगठा ठेवला.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच दरीत लॅखीने खात्रीने एक दिशा सांगितली होती. आता पुन्हा तसंच सांगायचं, तेही हातात पुरावा नसताना. चुकला तर ही बाई त्याच्या शब्दाने मरणार. गप्प राहिला तर त्याच्या गप्प राहण्याने.

"थांब, इश्बेल," तो म्हणाला. "ती आठवीत आहे."

"आठवीचा फोटो दाखवा."

"नाही माझ्याकडे."

"नाही म्हणजे? तुमच्याकडे माझ्या परसातल्या धोंड्याचा फोटो आहे आणि आठवीचा नाही?"

"नाही. पण ती फळी मी पाहिलीय. टॉरकिल तिच्यावर बसला होता. शिट्टी डावीकडूनच ऐकू येणार. ती उजवीकडे आहे."

इश्बेल फोनकडे बघत राहिली. तिला सगळं माहीत होतं, बापाने तिला सांगितलं होतं. माहीत होतं म्हणूनच तिला कळेना की हा म्हातारा फोटो बघून बोलतोय की त्या रात्रीत अडकून बोलतोय.

"चुकत असाल तर?" तिने हळूच विचारलं.

"तर चुकत असेन. म्हणून सांगतो, सगळे आठवीत घालू नकोस. माझ्या शब्दावर तर नकोच नको. दोन-दोन वाट. दोघं डावीकडे, दोघं उजवीकडे." त्याने रिकामा आठवा पुठ्ठा सातवीच्या शेजारी ठेवला. "तुझा बाप तेव्हा हेच म्हणाला होता. त्याचं ऐकायला हवं होतं मी."

इश्बेलने एकदा मान हलवली आणि बटण दाबलं. "वाटून जा. दोघं सातवीत, दोघं आठवीत. कानावर जाऊ नका, दोन्ही घळी शेवटपर्यंत बघा. आम्ही पाच जण स्ट्रेचर घेऊन मागून येतोय."

ती गेली. मागे उरले दोघं म्हातारे, किटली आणि टेबलभर पसरलेले दगड. डोलिनाने चहा ओतला, तो कुणी प्यायला नाही. साडेचार झाले. पाच वाजता पाऊस आला, ठरल्या वेळेला. पाऊस तेवढा आमच्याकडे वेळ पाळतो. लॅखी खिडकीशी उभा राहिला. खिडकीतून ढगाशिवाय काही दिसत नव्हतं.

"बस जरा, म्हाताऱ्या," डोलिना म्हणाली. "तू उभा राहिलास म्हणून ते लवकर चढणार नाहीत."

तो बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "आईला मी खोटं सांगितलं होतं."

"काय?"

"की तो थोडाच वेळ हाका मारत होता."

डोलिनाने त्याचा हात धरला. एवढ्या वर्षांत तो हे तिला पहिल्यांदा सांगत होता. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी, इश्बेल जाताना टेबलावर ठेवून गेली होती तो दुसरा वॉकीटॉकी बोलला. आवाज इश्बेलचाच होता, धापा टाकत. "लॅखी, आठवी. फळीवर बसलीय. गार पडलीय, पण बोलतेय. शिव्या देतेय खरं म्हणजे. कॅमेरा खाली गेला म्हणून." मग ती म्हणाली, "सातवीतल्या दोघांना अजूनही शिट्टी डोक्यावरच ऐकू येतेय. त्यांना खाली बोलवावं लागलं."

लॅखीने वॉकीटॉकी हातात घेतला, पण बोलायचं बटण कुठलं ते त्याला सापडेना. डोलिनाने तो काढून घेतला आणि सांगितलं, "ऐकलं त्याने." अंधाराआधी अर्धा तास ती बाई खाली होती आणि गाडीत तिने मार्जरीच्या दुकानातलं सूप दोनदा मागून घेतलं.

ऑक्टोबरात न्यूकासलहून टपाल आलं. कॅमेरा फुटला तरी आतले फोटो वाचले होते. गिलियनने पडण्याआधी काढलेला एक मोठा करून पाठवला होता: ढगांच्या समुद्रातून वर आलेली कुलिनची धार, एका कडेला कोवळं ऊन. मार्जरीने तो पाहिला आणि या खेपेला तिला तो उलटा करावा लागला नाही. लॅखीनेही नीट पाहिला, चष्मा लावून.

"छान आहे," तो म्हणाला. "पण यात घळ कुठेच दिसत नाही."

त्याने गिलियनला उत्तर लिहिलं. आभार मानू नका म्हणाला, आणि एक गोष्ट मागितली: तुम्ही फोनवरून पाठवलेला तो ओला, वाकडा, गुडघ्यांचा फोटो मला छापून पाठवा. बाईला बहुधा वाटलं असेल की म्हातारा थट्टा करतोय. पण तिने पाठवला.

तो आला त्या दिवशी लॅखीने टेबल पुसलं, उत्तरेच्या दरीचा डबा काढला आणि आठवा पुठ्ठा पुढे ओढला. फोटो उलटा करून पेन्सिलीला टोक काढलं. डोलिना समोर बटाटे सोलत होती. त्याला लिहायला बराच वेळ लागला, आणि लिहून झाल्यावर त्याने तो डब्यात ठेवायच्या आधी तिच्यापुढे सरकवला. तिने ओले हात एप्रनला पुसले आणि वाचलं. नेहमीच्याच ओळी होत्या, त्याच अक्षरात.

'आठवी घळ. ओली. काळा पट्टा निसरडा, डावीकडून चढावं. टॉरकिल. ऐकू आला डावीकडून. होता उजवीकडे. फार वेळ हाका मारत होता.'